आपली साखर परदेशी जाते, पण अडते कुठे?



उसाच्या नोंदी घेताना, गट ऑफिसला किंवा बांधावर, आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, परदेशात साखरेला सोन्याचा भाव होता म्हणतात, मग आपली साखर गोदामात का पडून राहिली?" दुसऱ्या वर्षी तोच सभासद विचारतो, "आता निर्यात उघडली म्हणतात, मग आपण पाठवत का नाही?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कारखान्याचा मालक सभासद आहे आणि मालकाला आपला माल कुठे जातो, कुठे अडतो हे कळलेच पाहिजे. आमचे काम ऊस विकासाचे. बाजाराचे तज्ज्ञ म्हणवून घेण्याचा आमचा दावा नाही. पण निर्यातीचा एक मोठा धागा थेट आपल्या शिवारात येऊन पोहोचतो, म्हणून या अंकात हा विषय सविस्तर मांडत आहोत.

थोडी पूर्वपीठिका

एके काळी आपला देश साखर विकत घेणारा होता. जावा बेटावरची साखर बोटी भरभरून मुंबई-कलकत्त्याला उतरत असे. १९३२ साली आयात साखरेवर संरक्षक जकात बसली आणि चार-पाच वर्षांत देशातील कारखाने तीसेकांवरून सव्वाशेच्या वर गेले. देशाची गरज भागू लागली. तेवढ्यात १९३७ चा आंतरराष्ट्रीय साखर करार झाला. त्यात इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या वतीने मान्य करून टाकले की ब्रह्मदेश सोडून समुद्रमार्गे कुठेही साखर पाठवायची नाही. म्हणजे माल तयार झाला आणि दाराला बाहेरून कडी लागली!

१९५० साली शेजारी लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्या पिढीसमोर प्रश्न निर्यातीचा नव्हता. खाजगी साखर कंपन्यांच्या जोखडातून शेतकऱ्याला सोडवणे आणि त्याच्या उसाला त्याच्या मालकीचे यंत्र देणे हा होता. सहकार वाढला, साखर वाढली आणि मग सरकारला परकीय चलनाची गरज भासू लागली. १९५८ साली साखर निर्यात प्रोत्साहनाचा कायदा झाला. प्रत्येक कारखान्याने ठराविक हिस्सा निर्यातीसाठी द्यायचा, तोटा झाला तरी द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. १९६० साली अमेरिकेने क्यूबाची साखर बंद केली, तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत आपल्यालाही थोडा शिरकाव मिळाला. १९७४ च्या नोव्हेंबरात जगाचा भाव पौंडाला ६५ सेंटच्या घरात गेला. असा भाव त्यापूर्वी कुणी पाहिला नव्हता. पण दोन-तीन वर्षांतच तो परत दहा सेंटच्या खाली आला.

१९९७ साली निर्यातीची सक्ती आणि मक्तेदारी गेली. कारखान्याला स्वतः व्यवहार करता येऊ लागला. तरीही सरकारची परवानगी हा कळीचा मुद्दा राहिलाच, आणि तो आजही आहे.

भाव ठरतो कसा?

जगाच्या बाजारात साखरेचे दोन मोठे काटे आहेत. कच्च्या साखरेचा न्यूयॉर्कला आणि पांढऱ्या साखरेचा लंडनला. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला इतके सेंट असा बोलतात, त्यामुळे आपल्याकडे अंदाज येत नाही. हिशेब साधा आहे. पौंडाला एक सेंट म्हणजे टनाला सुमारे २२ डॉलर. त्याला डॉलरच्या दराने गुणले की टनाचे रुपये निघतात.

२०२३ च्या नोव्हेंबरात हा भाव २८ सेंटच्या आसपास होता. गेल्या बारा वर्षांतला तो उच्चांक. २८ गुणिले २२ म्हणजे सुमारे ६१७ डॉलर, आणि डॉलर ८३ रुपये धरला तर टनाला ५१ हजार रुपये, म्हणजे किलोला ५१ रुपये. हा भाव बंदरात बोटीवर चढवलेल्या मालाचा. त्यातून वाहतूक, हमाली, बंदराचा खर्च वजा जातो, तरीही तो देशातल्या भावाच्या कितीतरी वर होता. परंतु त्या साली, २०२३-२४ च्या हंगामात, पावसाने दगा दिल्यामुळे सरकारने निर्यातीला परवानगीच दिली नाही.

आता दुसरी बाजू पाहा. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने २०२५-२६ हंगामासाठी १५ लाख टनांची परवानगी दिली. पण तेव्हा भाव १५ सेंटच्या खाली-वर, गेल्या पाच वर्षांतल्या तळाला होता. १५ सेंट म्हणजे ३३० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तरी किलोला २९ रुपये होतात.

आता हेच आपल्या उसाच्या भावाशी ताडून पाहू. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये आहे. १०० किलो उसातून १०.२५ किलो साखर निघते आणि त्या १०० किलो उसाचे ३५५ रुपये होतात. म्हणजे एक किलो साखरेत ३४ रुपये ६३ पैशांचा नुसता ऊसच आहे. गाळपाचा खर्च, पगार, व्याज, पोते हे सारे वेगळे. मळी आणि बगॅसमधून काही भरपाई होते हे खरे, पण २९ रुपयांच्या भावात ३४ रुपयांचा ऊस बसत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

काही सभासद म्हणतात, उतारा वाढला की ऊस स्वस्त पडेल. तसे होत नाही. उतारा दशांश एक टक्क्याने वाढला की एफआरपीही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे किलोमागे उसाचा खर्च तेवढाच राहतो. कमी होतो तो तोडणी-वाहतूक आणि गाळपाचा खर्च, कारण तेवढ्याच उसातून जास्त पोती निघतात. स्पर्धेत टिकण्याची जी काही जागा आहे ती इथे आहे.

मग २०२१-२२ ला काय घडले?

त्या हंगामात आपल्या देशाने सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली. हा विक्रम आहे. त्याच्या चार वर्षे आधी, २०१७-१८ ला, निर्यात जेमतेम सहा लाख टन होती. पुढच्या तीन हंगामांत ती ३८, मग ५९ आणि मग ७० लाख टनांवर गेली. २०२१-२२ ला महाराष्ट्राने १३७ लाख टन साखर तयार करून उत्तर प्रदेशालाही मागे टाकले.

हे एकाएकी झाले नाही. अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. पहिली म्हणजे देशात साखर फार झाली होती, गोदामे भरली होती आणि कर्जाचे व्याज चढत होते. दुसरी, सुरुवातीच्या वर्षांत सरकारने मदत दिली. २०१९-२० ला ती टनाला १०,४४८ रुपये होती. तिसरी, कारखान्यांनी पांढऱ्याऐवजी कच्ची साखर करायची तयारी ठेवली. चौथी, इंडोनेशियाने आयात कच्च्या साखरेच्या रंगाची अट बदलली. पूर्वी त्यांना अधिक काळपट साखरच चालत असे. अट बदलल्यावर आपली कच्ची साखर त्यांच्या दारात उभी राहू शकली आणि जकातीतही आपल्याला थायलंडच्या बरोबरीने वागणूक मिळाली. पाचवी, ब्राझीलच्या उसाला २०२१ साली दुष्काळ आणि हिमतुषारांचा तडाखा बसला, त्यामुळे जगात भाव चढला. शेवटच्या वर्षी तर सरकारी मदतीशिवाय ही साखर गेली.

यातून धडा असा की निर्यात एका कारणाने होत नाही आणि एका कारणाने थांबतही नाही. दुसऱ्याच्या अटीतला एक आकडा बदलला तर लाखो टनांची बाजारपेठ उघडते. अशा अटी बदलून घेण्याचे काम एकट्या कारखान्याच्या आवाक्यातले नाही. ते सरकारने दोन देशांच्या बोलणीत करायचे असते. पण अट बदलली त्या दिवशी आपल्याकडे माल तयार असणे मात्र आपल्या हातात आहे.

सरकारचे दोन पाय

आपण सरकारला दोष देऊन मोकळे होतो. पण सरकारची अडचणही समजून घ्यावी. शहरातला ग्राहक साखर किलोने विकत घेतो आणि भाव दोन रुपये वाढला की ओरड होते. दुसरीकडे ऊस उत्पादकाला एफआरपी वेळेत मिळाली पाहिजे. सरकारचा एक पाय ग्राहकाच्या दारात आणि दुसरा शेतकऱ्याच्या. त्यामुळे धोरण डुलत राहते. २००७-०८ ला देशात २६३ लाख टन साखर झाली, पुढच्याच हंगामात ती १४५ लाखांवर घसरली. आधी स्वस्तात विकली आणि नंतर महाग आयात करावी लागली. आपण खरेदीला उतरलो हेही त्या वेळी जगाचा भाव चढण्याचे एक कारण होते. २०१० च्या आरंभी तो ३० सेंटला टेकला.

हा अनुभव असल्यामुळे २०२२ च्या जूनपासून साखर 'निर्बंधित' यादीत गेली. तेव्हापासून परवानगीशिवाय पोते बाहेर जात नाही. २०२४-२५ ला दहा लाख टनांची परवानगी मिळाली ती २० जानेवारीला, म्हणजे निम्मा हंगाम संपल्यावर.

वेळेचे हे महत्त्व सभासदांनी ध्यानात घ्यावे. ब्राझीलच्या मुख्य पट्ट्यातला हंगाम एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. डिसेंबर ते मार्च त्यांचे कारखाने बहुतेक बंद असतात. नेमका तोच आपला भर हंगाम. जगाच्या दुकानात मोठा दुकानदार सुट्टीवर असतो तेव्हा छोट्या दुकानदाराची चांदी असते. ही चार महिन्यांची खिडकी आपल्याला निसर्गाने दिलेली आहे. परवानगी ऑक्टोबरात मिळाली तर कारखाना आधीच करार करून पहिल्या दिवसापासून त्या प्रकारची साखर काढू शकतो. जानेवारीत मिळाली तर करार व्हायला फेब्रुवारी आणि माल बंदरात पोहोचायला मार्च उजाडतो. तोवर ब्राझीलच्या नव्या साखरेचे सौदे सुरू झालेले असतात.

मदतीच्या मार्गालाही आता मर्यादा आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ साली जागतिक व्यापार संघटनेकडे आपल्याविरुद्ध तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ ला पंच मंडळाने आपल्याविरुद्ध निकाल दिला. निर्यातीची मदत आणि उसाचा ठरवून दिलेला भाव, दोन्हींवर बोट ठेवले. आपण अपील केले आहे. पण सरकार पैसे देईल आणि साखर जाईल, या भरवशावर यापुढे राहता येणार नाही एवढे खरे.

गोदामातल्या पोत्याचे व्याज

निर्यातीचा भाव देशातल्या भावापेक्षा थोडा कमी असला तरी कधी कधी ती परवडते, ते कसे हे सांगतो. समजा साखर क्विंटलला ३,५०० रुपये दराने तारण आहे आणि व्याज वर्षाला ११ टक्के आहे. वर्षाचे व्याज ३८५ रुपये, म्हणजे महिन्याला ३२ रुपये होतात. वर्षभर पडून राहिलेले पोते पुढच्या वर्षी ३,८८५ ला विकले तरी हाती तेच पडते. त्यातच पावसाळ्यात साखर ओल धरते, पिवळी पडते. आज क्विंटलला शंभर-दीडशे कमी घेऊन विकलेली साखर कित्येकदा अधिक फायद्याची ठरते. म्हणून वार्षिक सभेत निर्यातीचा भाव विचारताना 'त्याऐवजी ती साखर किती महिने पडून राहिली असती' हेही अवश्य विचारावे.

आणखी एक मार्ग आहे. सरकार कारखानानिहाय निर्यातीचा कोटा देते. उत्तर प्रदेशातल्या कारखान्याला बंदर फार लांब पडते. आपल्याला न्हावा शेवा अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर. त्यामुळे तिकडचा कारखाना आपला निर्यात कोटा देतो आणि बदल्यात देशातल्या विक्रीचा कोटा घेतो. अशी अदलाबदल परवानगीच्या अटींत बसते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण झाला आणि शिर्डीजवळून त्यावर चढता येते. बंदराची जवळीक ही राहात्याची कमाई आहे. पण ती कमाई व्हायची तर आपला माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला हवा तसा असला पाहिजे.

गिऱ्हाइकाला हवी कोणती साखर?

आपले बहुतेक कारखाने रस निवळण्यासाठी गंधकाच्या धुराची पद्धत वापरतात. त्यातून जी साखर निघते तिला आंतरराष्ट्रीय भाषेत 'प्लँटेशन व्हाइट' म्हणतात. आपल्या चहाला ती उत्तम. पण थंड पेये, औषधे, बिस्किटे बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांना गंधकाचा अंश अगदी कमी असलेली शुभ्र रिफाइंड साखर लागते. आंतरराष्ट्रीय अन्न संहितेत रिफाइंड दर्जाच्या पांढऱ्या साखरेत गंधकाच्या अंशाची मर्यादा किलोला १५ मिलिग्रॅम आहे, तर प्लँटेशन साखरेला ७०. रंगाचेही तसेच. पहिलीला ६० अंक, दुसरीला १५०. अंक जितका कमी तितकी साखर पांढरी. त्यामुळे आपली पांढरी साखर प्रामुख्याने श्रीलंका, अफगाणिस्तान, सोमालिया, सुदान, जिबूती अशा देशांत जाते. बाकी कच्ची म्हणून जाते आणि तिकडे शुद्ध होते.

अमेरिकेचा भाव चढा असतो, पण तिथे आपला सवलतीचा कोटा सगळ्या देशाला मिळून वर्षाला साडेआठ हजार टनांच्या आसपास आहे. रोज पाच हजार टन गाळणारा एक कारखाना पंधरा-सोळा दिवसांत तेवढी साखर काढतो. म्हणजे ते दार आपल्यासाठी किलकिलेच आहे.

दुबईचे उदाहरण घ्या. तिथे उसाचे एक कांडेही पिकत नाही, गोडे पाणी समुद्रातून काढावे लागते. तरी जेबेल अली बंदराला लागून प्रचंड मोठी रिफायनरी आहे. जगभरची कच्ची साखर आणायची, शुद्ध करायची आणि शेजारच्या देशांना विकायची हा तिचा धंदा. आपल्याकडे कांडल्याला श्री रेणुका शुगर्सची रिफायनरी याच तत्त्वावर उभी राहिली. ऊस आपला, पाणी आपले, घाम आपला आणि शेवटचे दोन पैसे मात्र बंदरावरच्या माणसाचे! न वापरलेली संधी म्हणतात ती हीच. एकेकट्या कारखान्याला रिफायनरी परवडणार नाही. पण चार-पाच सहकारी कारखाने एकत्र आले तर विचार करण्यासारखे आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांनी १९९१ साली 'महाग्रेप्स' स्थापून सोसायट्यांची द्राक्षे एका नावाखाली युरोपात पाठवली. २०१० ला एका संजीवकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडले तेव्हा फटकाही सगळ्यांना बसला आणि शहाणपणही सगळ्यांना आले. त्यानंतर अंश तपासणी हा बागेतलाच धडा झाला. साखरेलाही तीच वाट आहे.

धागा शिवारात येतो तो इथे

कच्ची साखर घेणारी रिफायनरी तीन गोष्टी पाहते. गोडी किती, रंग कसा आणि डेक्स्ट्रान किती. पहिल्या दोन सगळ्यांना समजतात. तिसरी आपण नीट समजून घेऊ.

ऊस तोडला की त्याच्या तोंडाला, जखमेतून, एक जिवाणू शिरतो. तो उसातली साखर खातो आणि बुळबुळीत डिंकासारखा पदार्थ तयार करतो. त्यालाच डेक्स्ट्रान म्हणतात. रसात तो आला की पाक चिकट होतो, निवळत नाही, साखरेचे दाणे लांबट होतात आणि गाळण्या तुंबतात. कारखान्यात उतारा कमी होतो आणि परदेशी रिफायनरी भाव कापते. शिळा ऊस, जळीत ऊस आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात फडात पडून राहिलेला ऊस यांत हा जिवाणू सर्वात जोमाने वाढतो.

आपल्या कच्च्या साखरेचा परदेशात जो बोलबाला झाला तो डेक्स्ट्रान कमी असल्यामुळे. तो कमी का? तर आपला ऊस हाताने, कोयत्याने, हिरवा तोडला जातो आणि शेत ते गव्हाण अंतर कमी आहे. म्हणजे आपल्या तोडणी कामगारांचा कोयता आणि आपल्या टायरगाड्या यांनीच हा दर्जा मिळवून दिला आहे. तो टिकवायचा की घालवायचा हे आपल्या हातात आहे. यास्तव आमची सभासदांना पुढीलप्रमाणे विनंती आहे.

१) तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. गाडी किंवा ट्रॅक्टर ठरला नसेल तर टोळीला फड तोडायला लावू नये. 'तोडून ठेवा, उद्या भरू' हे फार महागात पडते. वजन घटते ते तुमचे, उतारा घटतो तो सगळ्यांचा.

२) ऊस जाळू नये. जाळल्याने तोडणी सोपी होते, पण जळलेल्या उसाची साल तडकते आणि जिवाणूला दारे उघडतात. अपघाताने जळालाच तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे, म्हणजे तो ऊस क्रम सोडून आधी घेता येतो.

३) वाढे आणि पाचट मोळीत येऊ देऊ नये. शेंड्याच्या कोवळ्या कांड्यांत साखर कमी, पिठूळ अंश आणि रंग जास्त. वाढे जनावराला द्यावे आणि पाचट शेतात कुजवावे. दोन्हीकडे त्याचे सोने होते, गव्हाणीत मात्र ते कचराच.

४) नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला द्यावा. त्यानंतर युरियाची पोती ओतू नयेत. सुरू उसाला हेक्टरी २५०, पूर्वहंगामीला ३४० आणि आडसालीला ४०० किलो नत्राची विद्यापीठाची शिफारस आहे. उशिरा दिलेल्या नत्राने ऊस हिरवागार दिसतो पण पिकत नाही आणि रसाचा रंग वाढतो.

५) तोडणीपूर्वी पंधरा दिवस पाणी तोडावे. आम्ही ब्रिक्स पाहायला येतो तेव्हा शेंडा आणि बुडखा यांच्या आकड्यांत फार फरक नको. फरक मोठा असेल तर आठ-पंधरा दिवस थांबण्यात तुमचेही हित आहे.

६) नोंद खरी द्यावी. को ८६०३२ ची नोंद आणि शेतात को.एम. ०२६५ असेल तर आमचा तोडणी प्रोग्राम कोलमडतो. ०२६५ वजनाला चांगला आणि चोपण जमिनीत तग धरणारा आहे, पण पक्व व्हायला उशीर लावतो. त्याला त्याच्या वेळेलाच तोडले पाहिजे.

पाण्याचा हिशेबही मांडला पाहिजे

एक गोष्ट निर्यातीच्या उत्साहात विसरली जाते. पाटपाण्यावर उसाला हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. हेक्टरी शंभर टन ऊस आणि ११ टक्के उतारा धरला तर ११ टन साखर, म्हणजे एक किलो साखरेमागे दोन हजार लिटर पाणी. साखरेचे पोते बोटीवर चढते तेव्हा त्याच्या मागे एक लाख लिटर पाणी चढलेले असते. आपल्या गोदावरी उजव्या कालव्याच्या आणि प्रवरेच्या लाभक्षेत्रात पाण्याची आवर्तने किती ओढाताणीने मिळतात आणि दुष्काळी वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद कसा पेटतो, हे राहात्याच्या सभासदाला आम्ही सांगायला नको. निळवंड्याच्या कालव्यातून २०२३ साली जिरायती गावांना पाणी पोहोचले, ते तर दोन-तीन पिढ्यांनी वाट पाहिल्यावर.

म्हणून जास्त क्षेत्र लावून निर्यात वाढवणे हा मार्ग आपल्याला परवडणारा नाही. तेवढ्याच क्षेत्रात, ठिबकवर, निम्म्या ते साठ टक्के पाण्यात एकरी टन वाढवणे हाच मार्ग. पाटाच्या मोकळ्या पाण्याने ज्यांच्या जमिनी चोपण झाल्या त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. अशा जमिनीतल्या उसाच्या रसात क्षार जास्त येतात, साखर मळीत निघून जाते आणि उतारा घसरतो. चर काढणे, जिप्सम, हिरवळीचे खत यांवर केलेला खर्च हा खरोखर निर्यातीवरच केलेला खर्च आहे.

इथेनॉलचे पारडे

साखर बाहेर पाठवायची की तिचे इथेनॉल करायचे, हा प्रश्नही आता दर हंगामाला उभा राहतो. ब्राझीलने १९७५ सालीच दारूच्या इंधनाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांचे कारखाने भाव पाहून उसाचा रस कधी साखरेकडे तर कधी इथेनॉलकडे वळवतात. त्यामुळे साखरेचा भाव पडला तरी ते तरून जातात. आपल्याकडे डिसेंबर २०२३ ला रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी बंधन आले आणि पुढच्या हंगामासाठी, ऑगस्ट २०२४ मध्ये, ते उठवले. साखर, निर्यात आणि इथेनॉल ही एकाच तराजूची पारडी आहेत. कारखान्याला तिन्ही वाटा उघड्या हव्यात आणि धोरण किमान तीन-चार हंगाम स्थिर हवे. ही मागणी साखर संघांमार्फत सातत्याने गेली पाहिजे. सभासदांनीही ती लोकप्रतिनिधींपुढे आग्रहाने मांडावी.

शेवटी

निर्यातीने उसाचा भाव एका वर्षात दुप्पट होईल अशी आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नये. जगाचा भाव पाच वर्षांत १५ सेंट ते २८ सेंट असा झोके घेतो. निर्यातीचा खरा उपयोग असा की चांगल्या वर्षी जादा साखर निघून जाते, गोदाम रिकामे होते, व्याज वाचते आणि तुमचे बिल वेळेवर निघते. वाईट वर्षी बाजारात आपले नाव आणि दर्जा टिकून राहतो, म्हणजे पुढची संधी आली की दार ओळखीचे असते.

भाव न्यूयॉर्कला ठरतो, परवानगी दिल्लीला मिळते, बोट न्हावा शेव्याला लागते. या तिन्ही ठिकाणी आपला आवाज तोकडा आहे. तोडलेला ऊस किती तासांत गव्हाणीत पडतो, हे मात्र राहात्यातच ठरते.

चालू हंगामात तोडीची चिठ्ठी मिळाल्यावर वाहन वेळेत आले नाही, किंवा ऊस फडात २४ तासांपेक्षा जास्त पडून राहिला, तर प्लॉट नंबर आणि तोडणीची वेळ लिहून त्याच दिवशी गट ऑफिसला द्यावी. आमचा शेतकी विभाग त्याची नोंद घेईल. ठिबक आणि चोपण जमीन सुधारणेच्या माहितीसाठीही गट ऑफिसला जरूर यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी